ओझ्याची वाटणी आणि पावसाचा दिवस: ॲपलेशियन ट्रेलवरील एका जोडप्याचे प्रकरण

लांब पल्ल्याच्या पायवाटेवर दोघे मिळून चालले की ओझे आपोआप हलके होते. एकच तंबू, एकच स्टोव्ह, पाण्याचा एकच फिल्टर आणि पुष्कळदा दोघांत मिळून एकच रजई पुरते. एकट्या माणसाला हे सारे स्वतःच वाहावे लागते. ही वाटणी निघण्यापूर्वी वजनकाट्यावर ठरते आणि कोरड्या दिवसांत इतकी बिनबोभाट चालते, की तिच्यात काही दोष असू शकेल हे कोणाच्या मनातही येत नाही. पुढील प्रकरणात तो दोष एका पावसाळी दिवसात, सुमारे आठ तासांच्या अवधीत उघडा पडतो. हा कोणा एका जोडप्याचा अहवाल नाही. अशा वाटांवर, अशा दिवसांत जे घडते त्यावरून प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. ठिकाणे, अंतरे आणि उद्यानाचे नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

वाट, ऋतू आणि नियम

ॲपलेशियन ट्रेल ही अमेरिकेच्या पूर्व भागातील सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची पायवाट जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधील कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाते. दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालेले बहुतेक पदयात्री मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करतात आणि दोन-तीन आठवड्यांत ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात पोहोचतात. उद्यानातील सुमारे ११५ किलोमीटरची वाट बरीचशी नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी या राज्यांच्या सीमेवरच्या उंच धारेवरून जाते. या डोंगरांच्या पायथ्याशी वर्षाला साधारण १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर माथ्यांवर तो २,१०० मिलिमीटरपर्यंत जातो. त्यामुळे येथे एखादा दिवस पावसात काढावा लागला तर त्यात नवल काही नाही.

या प्रकरणात उद्यानाच्या एका नियमाला विशेष महत्त्व आहे. येथे मनाला येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. रात्रीचा मुक्काम ठरलेल्या निवाऱ्यांवर किंवा नेमून दिलेल्या जागांवरच करावा लागतो, आणि संपूर्ण वाट चालण्याचा परवाना घेतलेल्यांना निवारा भरलेला असेल तरच त्याच्या शेजारी तंबू लावता येतो. हा नियम धारेवरची झाडोऱ्याची नासाडी टाळण्यासाठी आहे आणि तो योग्यच आहे. मात्र त्यामुळे दिवसाचे गणित निवाऱ्यांच्या अंतरावर बेतले जाते, आणि ‘थोडे पुढे जाऊन बघू’ या म्हणण्याचा अर्थ पुष्कळदा ‘आणखी आठ-दहा किलोमीटर जाऊ’ असा होतो.

जोडपे पस्तिशीतले, तीन आठवडे रोज चालून सरावलेले. ती अंगाने सडपातळ, चढावर चपळ, पण थांबली की लवकर गारठणारी. तो उंच आणि वजनदार, उतारावर वेगवान, चढावर मंद, आणि थंडीतही घामाघूम होणारा. तंबू, दोघांसाठीची पिसांची एकच रजई, फिल्टर आणि प्रथमोपचाराचे साहित्य त्याच्या सॅकमध्ये होते. स्टोव्ह, गॅसचा डबा, भांडे आणि जवळजवळ सगळा शिधा तिच्याकडे होता. प्रत्येकाने रात्रीसाठी लोकरीचे कोरडे कपडे आपापल्या सॅकमध्ये पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून ठेवले होते.

या वाटणीतली एक गंमत सहसा ध्यानात येत नाही. तंबू आणि रजई यांचे वजन रोज तेवढेच राहते. शिधा मात्र रोज खाल्ला जातो. उद्यानात शिरण्यापूर्वी फोंटाना धरणाजवळ शिधा भरून घेतल्यावर तीन मुक्काम झाले होते. माणशी रोजचे सातशे ग्रॅम धरले तरी तिच्या पाठीवरून चार किलो उतरले होते आणि त्याच्या पाठीवरून जवळजवळ काहीच उतरले नव्हते. मुळात चढावर जी वेगवान होती तिचेच ओझे दिवसागणिक हलके होत गेले. चौथ्या दिवशी दोघांच्या चालीतली तफावत सर्वांत जास्त असणार हे ओघानेच आले, आणि नेमका त्याच दिवशी पाऊस लागला.

घटनाक्रम

एप्रिलच्या मध्यावरचा दिवस. सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी ती दोघे डेरिक नॉब निवाऱ्यातून निघाली. तिच्या सॅकच्या पट्ट्याला अडकवलेला छोटा तापमापक ७ अंश सेल्सिअस दाखवीत होता. भुरभुर सुरू होती. हवामानाचा शेवटचा अंदाज फोंटानाला पाहिलेला, म्हणजे तीन दिवसांपूर्वीचा होता. बेत माउंट कॉलिन्स निवाऱ्यापर्यंत जाण्याचा होता: सुमारे २२ किलोमीटर, आणि मध्ये कुवोही हे शिखर. २०२४ पर्यंत क्लिंगमन्स डोम या नावाने ओळखले जाणारे हे शिखर २,०२५ मीटर उंच असून संपूर्ण ॲपलेशियन ट्रेलवरचा तो सर्वांत उंच बिंदू आहे. म्हणजे दिवसाचा सगळा चढ पहिल्या तीन-चतुर्थांश भागात होता, आणि जसजसे पुढे जावे तसतसे अधिक उंचावर, अधिक वाऱ्यात आणि अधिक थंडीत जावे लागणार होते.

नऊच्या सुमारास भुरभुरीची संततधार झाली. पायवाट अशा वेळी पाण्याची चर बनते. मुळे आणि दगड निसरडे होतात, आणि प्रत्येक पाऊल कोठे टाकावे याचा विचार करावा लागतो. पहिली भेट सायलर्स बाल्ड निवाऱ्यात ठरली होती, सुमारे नऊ किलोमीटरवर. ती १० वाजून ५० मिनिटांनी पोहोचली. तो ११ वाजून २५ मिनिटांनी. मधली पस्तीस मिनिटे ती ओल्या कपड्यांत, समोरून उघड्या निवाऱ्यात उभी होती. तेथे झालेले बोलणे एवढेच:

“थांबायचं का इथेच?”

“तुला थांबायचंय का?”

“नाही, मी ठीक आहे. तू?”

“मीही ठीक आहे.”

थोडे खाऊन, बारा वाजता दोघे पुन्हा निघाली. पुढची भेट डबल स्प्रिंग गॅप या खिंडीतल्या निवाऱ्यात, अवघ्या पावणेतीन किलोमीटरवर ठरली. ती पाऊण तासात पोहोचली. याच टप्प्यात वाऱ्याने त्याच्या सॅकवरचे पावसाचे आवरण उडवले. ते शोधून पुन्हा बांधण्यात आणि टाचेला घासणारा मोजा बदलण्यात त्याची चाळीस-पंचेचाळीस मिनिटे गेली. ती पंचवीस मिनिटे थांबली, हुडहुडी भरू लागली तेव्हा थांबणे तिला असह्य झाले, आणि वरच्या फळीवर झोपण्याच्या तयारीत असलेल्या एका पदयात्र्याला ‘मागून माझा नवरा येईल, त्याला सांगा मी माथ्यावर भेटते’ असा निरोप देऊन ती १ वाजून १० मिनिटांनी पुढे निघाली.

तो दीड वाजता पोहोचला. फळीवरचा पदयात्री गाढ झोपला होता, आणि परक्या माणसाला उठवण्याचा संकोच कोणालाही वाटेल. या खिंडीत दोन्ही बाजूंना एकेक झरा आहे. ती पाणी भरायला एखाद्या झऱ्यावर गेली असेल, असे त्याने गृहीत धरले. तिची सॅक तेथे दिसत नाही, या गोष्टीचा त्याने अर्थ लावला नाही. चाळीस मिनिटे वाट पाहून, दोन्ही झऱ्यांकडे हाका मारून, २ वाजून १० मिनिटांनी तो पुढे निघाला.

ती २ वाजून २५ मिनिटांनी माथ्यावर होती. तापमान ४ अंश. माथ्यावर १९५९ साली बांधलेला काँक्रीटचा निरीक्षण मनोरा आहे आणि पायवाट त्याच्या अगदी जवळून जाते. मनोऱ्याच्या चढत्या मार्गाखाली पाऊस लागत नव्हता, पण तेथून वाटेचा फाटा दिसत नव्हता, म्हणून चुकामूक होऊ नये यासाठी ती दर काही मिनिटांनी फाट्यावर येऊन उभी राहत होती. सगळा शिधा तिच्या पाठीवर होता, परंतु बधिर बोटांनी तिला सॅकचे बकल उघडता येईना. दोनदा प्रयत्न करून तिने नाद सोडला. वाहनतळ तेथून पाऊण-एक किलोमीटर उतारावर होता आणि तेथे स्वच्छतागृहे होती. पण तेथे गेले तर तो आपल्याला ओलांडून पुढे जाईल, या भीतीने ती जागची हलली नाही. अर्ध्या तासाने, २ वाजून ५५ मिनिटांनी, ती आलेल्या वाटेने परत निघाली.

३ वाजून २० मिनिटांनी, माथ्यापासून सुमारे दीड किलोमीटर खाली, ती दोघे एकमेकांना भेटली.

थांबण्याची किंमत

घटनाक्रम वाचताना असे वाटू शकते की ती फार भिजली आणि म्हणून गारठली. तोही तितकाच भिजला होता, किंबहुना घामामुळे आतून अधिकच. पण त्याला काही झाले नाही. फरक थांबण्याच्या वेळेत होता. सायलर्स बाल्डला निघण्याची तयारी होईपर्यंत ती सत्तर मिनिटे बसून होती, डबल स्प्रिंग गॅपला पंचवीस मिनिटे, माथ्यावर तीस. तो थांबला तेव्हा एकतर काही काम करीत होता, किंवा खिंडीतल्या निवाऱ्यात, माथ्यापेक्षा साडेतीनशे मीटर खाली होता.

ओझे घेऊन चढ चढणारे शरीर साधारण ५०० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण करते. स्वस्थ उभे राहिले की तीच १०० वॅटच्या घरात येते. ओल्या कपड्यांतले एक ग्रॅम पाणी वाळायला जवळजवळ २.४ किलोज्यूल उष्णता लागते. वाऱ्यात अर्ध्या तासात १०० ग्रॅम पाणी वाळले, तर ती सरासरी १३० वॅट होते. ही सगळी उष्णता शरीरातूनच जाते असे नाही, काही हवेतूनही मिळते. तरीही उभ्या माणसाची मिळकत आणि त्याचा खर्च यांचे प्रमाण यावरून समजते. शिवाय ओले कापड आपल्या तंतूंमध्ये धरलेली स्थिर हवा गमावते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट सहजतेने उष्णता वाहून नेते. ४ अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा यांचा वाऱ्याच्या गारठ्याच्या सूत्रानुसार उघड्या त्वचेवर होणारा परिणाम उणे १ अंशाच्या आसपास येतो, आणि ते सूत्र कोरड्या त्वचेसाठी आहे.

चांगल्या रेनकोटबद्दलचा भ्रमही येथे दूर करायला हवा. घामाची वाफ बाहेर जाऊ देणारा पातळ पडदा बसवलेल्या कोटावर बाहेरून पाणी न धरण्याचा लेप असतो. सॅकच्या पट्ट्यांखाली तो तीन आठवड्यांत झिजतो, बाहेरचे कापड पाणी पिते, आणि मग आतली वाफ बाहेर पडेनाशी होते. कोट गळत नसला तरी माणूस आतून ओला होतो. दिवसभराच्या पावसात कोरडे राहण्याची अपेक्षाच चुकीची आहे. ओले असताना उबदार राहता येते का, एवढेच पाहायचे असते, आणि चालत असेपर्यंत ते पुष्कळदा जमते.

सडपातळ शरीराच्या वस्तुमानाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे उष्णता लवकर जाते. म्हणजे या जोडप्यात जी व्यक्ती आधी पोहोचत होती, तीच जास्त वेळ थांबत होती, तीच थांबल्यावर जास्त वेगाने गारठत होती, आणि थांबण्यासाठी लागणाऱ्या वस्तू, तंबूचे कापड आणि रजई, दोन्ही दुसऱ्याच्या पाठीवर होत्या. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. वाटणी वजनावरून झाली. थांबणार कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

“मी ठीक आहे”

सायलर्स बाल्डला मुक्काम करणे हा त्या दिवसाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त पर्याय होता. निवारा होता, शिधा पुरेसा होता, साडेअकराच वाजले होते. नंतरच्या बोलण्यात असे निघाले की त्या क्षणी दोघांनाही थांबायचे होते. आपल्या मंद चालीमुळे तिचा आधीच खोळंबा होतो आहे, आता मुक्कामच मागितला तर ती कुढेल, असे त्याला वाटले. मी थांबू म्हटले तर आपल्यामुळेच ही पाळी आली असे त्याला वाटेल, असे तिला वाटले. दोघांनी एकमेकांचे मन जपले आणि दोघांना नको असलेली गोष्ट एकमताने केली. जेरी हार्वी या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९७४ मध्ये अशाच एकमताला ‘ॲबिलीनचा विरोधाभास’ असे नाव दिले; त्याच्या उदाहरणात एक कुटुंब कोणाचीच इच्छा नसताना उन्हातान्हात लांबच्या गावी जेवायला जाऊन येते.

जोडप्यांच्या बाबतीत हे अधिक घट्ट बसते, असे मला वाटते. अनोळखी सोबत्याला माणूस सरळ सांगतो, ‘मी इथेच राहतो, तुम्ही व्हा पुढे.’ जोडीदाराला तसे सांगता येत नाही, कारण तंबू एक आहे आणि रुसवाही पुढचे तीन हजार किलोमीटर सोबत येणार असतो. ‘थांबायचं का?’ या प्रश्नाला ‘तुला थांबायचंय का?’ हे उत्तर घरात सौजन्य ठरते; धारेवरच्या पावसात त्यामुळे माहिती अडते. ती थरथरत होती, त्याची टाच सोलवटली होती, आणि या दोन्हींपैकी एकही गोष्ट त्या संभाषणात आली नाही. इच्छा विचारण्याऐवजी शरीराची अवस्था विचारली असती, बोटे हलतात का, अंगठा करंगळीला टेकवून दाखव, शेवटचे कधी खाल्ले, तर उत्तर देताना कोणाचे मन जपण्याचा प्रश्नच आला नसता.

दोघेही थांबलेले

१ वाजून ३० मिनिटांपासून पुढची चाळीस मिनिटे पाहण्यासारखी आहेत. तो मागे असून पुढच्याची वाट पाहत होता. ती पुढे जाऊन मागच्याची वाट पाहणार होती. निरोप झोपलेल्या माणसापाशी अडकला होता. ही त्याची चूक म्हणावी का? माहिती नसताना ठरलेल्या जागी थांबणे हे सर्वसाधारणपणे शहाणपणाचेच मानले जाते, आणि हरवलेल्या माणसाला तर तेच शिकवले जाते. पण येथे कोणी हरवलेले नव्हते. त्या टप्प्यात पायवाट एकच आहे, धारेवरून जाणारी, पांढऱ्या पट्ट्यांनी खुणावलेली. एकाच दोरीवर दोन मणी असतील तर ते एकमेकांना चुकवून जाऊ शकत नाहीत; ते भेटत नाहीत ते फक्त दोघेही थांबले तर.

यावरून निघणारा संकेत साधा आहे आणि तो कोरड्या दिवशीच ठरवून ठेवावा लागतो: चुकामूक वाटली तर मागच्याने कधीही थांबायचे नाही, चालत राहायचे, आणि पुढच्याने ठरलेल्या वेळेनंतर परत फिरायचे. तिने २ वाजून ५५ मिनिटांनी नेमके हेच केले. परत फिरण्याने ती पुन्हा हालचालीत आली, वाऱ्यातून खाली आली आणि भेट निश्चित झाली. हा निर्णय तिने कोणत्या तत्त्वावरून घेतला नव्हता, उभे राहवत नव्हते म्हणून घेतला, असे मानायला जागा आहे. पण त्या दिवसातला सर्वांत चांगला निर्णय तोच होता. जेथे वाटा फुटतात किंवा समांतर जातात तेथे मात्र हा संकेत घातक ठरेल, हे येथेच नोंदवायला हवे.

निरोपाबद्दल एकच गोष्ट. चिठ्ठी लिहून, ती पिशवीत घालून फळीला बांधून ठेवायला दोन मिनिटे लागतात, आणि चिठ्ठी झोपत नाही.

भेटीनंतरची पन्नास मिनिटे

त्याला ती दिसली तेव्हा तिचे पाय फरफटत होते आणि ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत होती. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली गेले की अल्पोष्णतेची (हायपोथर्मियाची) अवस्था सुरू होते. वाटेवर आंतरिक तापमान मोजण्याचे साधन कोणाकडेच नसते, म्हणून अडखळणे, बोबडे बोलणे, वस्तू हातातून निसटणे आणि विनाकारण चिडचिड किंवा मुकेपणा या खुणांवरूनच ओळखावे लागते. ती अजून जोरात कुडकुडत होती, हे चांगले लक्षण होते. कुडकुडणे म्हणजे शरीराचे उष्णता निर्माण करण्याचे काम चालू आहे. तेच थांबून माणूस गोंधळलेला दिसू लागला असता, तर प्रकरण या दोघांच्या हाताबाहेरचे ठरले असते.

या वेळी त्याने काही विचारले नाही. वाटेपासून दहा पावलांवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या दाट आडोशाला त्याने झोपण्याच्या दोन्ही चटया (कॅरीमॅट) टाकल्या, तिला सॅकवर बसवले आणि तंबूचे बाहेरचे कापड, काठ्या न लावता, दोघांच्या डोक्यावरून घेतले. अशा कापडाखाली दोन माणसांच्या श्वासानेच काही मिनिटांत हवा ऊबदार होते. तिचे ओले कपडे कमरेपासून वर काढून रात्रीचे कोरडे लोकरीचे कपडे घातले, त्यावर रजई गुंडाळली. रात्रीचे कपडे दिवसा वापरायचे नाहीत हा या वाटेवरचा पाळला जाणारा दंडक आहे आणि एरवी तो बरोबर आहे. बोटे चालत होती तेव्हा तिने ते सॅकमधून बाहेर काढले नाहीत ते त्याच दंडकामुळे. परंतु ते कपडे ज्या प्रसंगासाठी जपायचे, तो प्रसंग हाच होता.

हातपाय चोळले नाहीत, हे योग्य झाले. सॅकमधून गोड खाऊ काढून त्याने तिला भरवला. कुडकुडण्याला इंधन लागते आणि साखर ते लवकर पुरवते. स्टोव्ह कापडाखाली पेटवण्याचा मोह त्याने टाळला. बंदिस्त जागेत ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि पॉलिएस्टरचे किंवा नायलॉनचे कापड ठिणगीसरशी वितळते. पाणी बाहेर, हाताच्या अंतरावर कोमट केले आणि साखर घालून दिले. त्यातून मिळणारी उष्णता तशी थोडीच असते, साखर अधिक उपयोगी. पण कप हातात धरल्याने बोटे वळू लागतात, आणि बोटे वळली की माणूस पुन्हा स्वतःची काळजी घेऊ शकतो.

रानावनातल्या वैद्यकीय उपचारांविषयी काम करणाऱ्या वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुडकुडणाऱ्या पण शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच चालवू नये. ऊब आणि खाणे देऊन किमान अर्धा तास बसवावे, मग हळूहळू उभे करावे. घाईने चालवले तर हातापायांतले थंड रक्त गाभ्याकडे परतून तापमान आणखी उतरू शकते. ही दोघे ४ वाजून १० मिनिटांपर्यंत बसली. तेव्हा ती पूर्ण वाक्यांत बोलत होती आणि तिने स्वतःच्या हाताने कोटाची चेन लावली.

तीन दिशा

आता तीन पर्याय होते. माउंट कॉलिन्स आणखी सुमारे आठ किलोमीटरवर, त्यातले शेवटचे आठशे मीटर मुख्य वाटेपासून बाजूला; त्यासाठी माथा पुन्हा ओलांडावा लागणार होता. दुसरा पर्याय माथ्याजवळच्या वाहनतळाचा: सव्वादोन-अडीच किलोमीटर, तेथून न्यूफाउंड गॅपला जाणारी डांबरी सडक. तिसरा, डबल स्प्रिंग गॅपला परत, तीन किलोमीटर उतार.

पहिला पर्याय दोघांनी ताबडतोब बाद केला. दुसऱ्याबद्दल मात्र मला त्यांच्याइतकी खात्री वाटत नाही. ही सडक डिसेंबर ते मार्च बंद असते आणि एप्रिलमध्ये उघडी असते, म्हणजे वाहन मिळण्याची शक्यता होती. मिळाले असते तर तासाभरात ती दोघे कोरड्या खोलीत पोहोचली असती. तिच्या अवस्थेत जरा जरी बिघाड दिसत असता, तर तोच मार्ग घ्यायला हवा होता. पण वाहन मिळालेच नसते, तर सावरलेल्या माणसाला पुन्हा त्या दिवसातल्या सर्वांत वाईट जागी, वाऱ्यात उभे करण्याची वेळ आली असती. डबल स्प्रिंग गॅपला छप्पर होते, जागा होती हे त्याने अडीच तासांपूर्वी स्वतः पाहिले होते, आणि वाट दोघांच्या पायाखालची होती. सूर्यास्त आठच्या सुमारास, म्हणजे जवळजवळ चार तास हाताशी होते. उतारावर शरीर कमी उष्णता निर्माण करते, ही त्या पर्यायातली उणीव. ती भरून काढण्यासाठी तिने कोरडी लोकर कोटाखाली तशीच ठेवली. तो पुढे आणि ती त्याच्या पाठोपाठ, असे चालत सव्वापाच वाजता ती निवाऱ्यात पोहोचली. झोपलेला पदयात्री जागा झाला होता. निरोप त्याने तेव्हा दिला.

मागे जाणे लांब वाटेवर फार कठीण असते. चाललेले अंतर पुन्हा चालायचे आणि उद्या तिसऱ्यांदा चालायचे, ही कल्पना थकव्यापेक्षा जड असते, आणि कित्येक अपघात केवळ या नाखुषीतून होतात असे मला वाटते.

त्यानंतरचे बदल

पुढच्या दिवशी पाऊस ओसरल्यावर दोघांनी डबल स्प्रिंग गॅपमध्येच सॅक उपसल्या आणि वाटणी नव्याने केली. तंबूचे बाहेरचे कापड तिच्याकडे गेले. आतला भाग आणि काठ्या त्याच्याकडे राहिल्या. त्या दोन वस्तू वेगळ्या केल्या तर मुक्कामाला एकमेकांची वाट पाहावी लागते, ही गैरसोय त्यांनी पत्करली. एका दिवसाचा शिधा आणि दुसरा लायटर त्याच्याकडे आला. दोघांच्याही कोटाच्या खिशात, बधिर बोटांनीही फाडता येईल अशा वेष्टनातला खाऊ कायमचा राहू लागला. पावसाच्या दिवशी तो पुढे आणि ती मागे, हा क्रमही ठरला. त्यात तिला मंद चालीमुळे थंडी वाजते, म्हणून तिने कोटाखाली एक पातळ थर जास्त घालायचा. हा उपाय अपुरा आहे, पण वेगवेगळे चालण्यापेक्षा बरा.

रजईचा प्रश्न सुटला नाही. एक रजई दोन सॅकमध्ये विभागता येत नाही, आणि दोन स्वतंत्र रजया घेतल्या तर सहाशे-सातशे ग्रॅम वाढतात. त्यांनी मधला मार्ग काढला: जो मागे असेल त्याच्याकडे रजई, जो पुढे असेल त्याच्याकडे तंबूचे कापड, आणि दोघांकडे प्रत्येकी शंभर-सव्वाशे ग्रॅमची, अंग आत घालता येईल अशी उष्णतारोधक आपत्कालीन पिशवी. क्रम बदलला की वस्तूही बदलायच्या. कागदावर हे चोख दिसते. रोज सकाळी पावसात उभे राहून सॅकमधल्या वस्तूंची अदलाबदल कितपत होईल, याविषयी मला शंका आहे. पुढे उत्तरेला, न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये, वाट झाडे उगवतात त्या उंचीच्याही वर कित्येक किलोमीटर उघड्यावरून जाते आणि तेथे स्प्रूसचा आडोसाही नसतो. त्या टप्प्यापूर्वी दोन स्वतंत्र रजया घ्याव्यात, असे माझे मत आहे. त्यांनी तो निर्णय तेथपर्यंत पुढे ढकलला आहे.